तुझ्या हातावर अत्तर टिकेना

रसूलबीनं मला आत घेतलं. हे आधी लिहिते, कारण तिनं घेतलं नसतं तर मी तुझ्या दारातूनच परत गेले असते. दारात बायांची गर्दी होती आणि मी चपला हातात घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होते. कोणीतरी म्हणालं, मय्यतीची आंघोळ चाललीय, हिंदूच्या बाईचं आत काय काम. तेवढ्यात रसूलबी आतून आली. तुमच्या मोहल्ल्यात बाई गेली की आंघोळ घालायला तिलाच बोलावतात. बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, हात ओले. ती त्या बायांना म्हणाली, "इनं जितका तिचा हात धरला तितका तुमी कोनी धरला काय? येऊ द्या तिले." मग मला भिंतीशी बसवलं आणि तांब्याभर पाणी दिलं.

खाला, तू गेलीस. आदल्या दिवशी दिवेलागणीला मी तुला पेज भरवली होती, चार घास गेले होते, म्हणून मी जरा निश्चिंत होते. तसं मला निश्चिंत राहता येत नाही, तुला ठाऊक आहे. तू म्हणायचीस, हिच्या पोटात एक कोंबडी बसलेली आहे, सारखी फडफडते. ती कोंबडी नेमकी त्या दिवशी गप्प होती.

खाला म्हणजे तुमच्यातली मावशी. हे मला तुझ्याकडूनच कळलं. वाईजवळच्या आमच्या खेड्यात मी कोणाला खाला म्हटलं नव्हतं. तिसरीतून शाळा सुटली, लग्न झालं, आणि आमचे हे कापसाच्या जिनात फिटर म्हणून लागले ते थेट वऱ्हाडात, कारंजाला. साताऱ्याकडची माणसं इतक्या लांब येत नाहीत. इथली बोली कळायला मला एक हंगाम गेला. बोली कळायला लागली तोवर हे हिवतापानं गेले. मग थोरल्या दिरांच्या घरात मी उरले आणि जाऊबाईंच्या तोंडी रोज एकच विषय: हिला माहेरी पोचवायची. माहेरी भावाच्या घरात खाणारी तोंडं आधीच जास्त होती. तिथं गेले असते तर मी अंगणातल्या जनावरासारखी एका कोपऱ्यात पडले असते, हे जाऊबाईंनाही माहीत होतं.

त्या दिवसांत तू पेटी घेऊन आलीस. पाटला-देशमुखांच्या, सावकारांच्या घरात आतल्या बायकांना अत्तर विकणारी चांदबी, सगळं कारंजा तुला ओळखत होतं. ओसरीवर बसून गुडघे चोळत जाऊबाईंना विचारलंस, ही पोरगी नुसती बसून कायले राह्यते, हिले माह्यासंगं पाठव, मले पेटी उचलवत नाइ. जाऊबाईंना वाटलं, दिवसभर डोळ्यांपुढून जाईल तर बरंच. मी निघाले. पेटी माझ्या डोक्यावर आणि तू पुढं, काठी टेकत, वाटेतल्या प्रत्येक बाईशी बोलत.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. तुझा धंदा असा की अत्तर हातावर लावल्याशिवाय कळत नाही. बाटलीत नाक घातलं की सगळंच छान वाटतं. मनगटाला काडी टेकवायची, थांबायचं, अंगाची ऊब लागली की मग त्याचा खरा गुण दिसतो. तू सवयीनं माझं मनगट ओढलंस आणि मोगरा लावलास. मीही काही बोलले नाही, इतक्या दिवसांनी कोणी माझा हात धरला होता. घरी गेले तर जाऊबाईंना उंबऱ्यातच वास आला. विधवा बाई अत्तर लावून फिरते. सगळी आळी गोळा झाली. माझं गाठोडं ओसरीवर आलं, आणि भावाला बोलावणं धाडायचं ठरलं.

तू सकाळी आलीस. मला वाटलं, भांडशील. तू जाऊबाईंसमोर बसलीस आणि म्हणालीस, "तुह्या नाकाले मी सलाम करतो, बाई. एवढं तेज नाक धंद्याले कामी येईन, पेटीत ठेवा लागते." जाऊबाईंना हसावं की चिडावं कळेना. मग तू आपली बाही वर केलीस आणि हात पुढं केलास. "हे पाय. आजपासून सारं माह्या हातावर. इच्या हाताले थेंब लागला तर मलेच घरातून काढजो." तूही विधवाच होतीस, पण तुमच्यात शोकाचे चार महिने दहा दिवस झाले की बाई मोकळी. आमच्यात ते कधी संपत नाही.

जाऊबाईंनी गाठोडं परत आत घेतलं, आणि तेव्हापासून तुझा हात हीच माझी पाटी झाली.

मी काडी टेकवायची, तू हात पुढं धरायचा, आणि मी त्यावर वाकून वास घ्यायचा. लावल्यावर लगेच एकदा, गावाच्या वेशीपाशी एकदा, परत येताना एकदा. असं मी शिकले. नुसत्या पाण्याचं ते गुलाबजल, शिंपडलं की वाऱ्यावर गेलं. विलायती सेंटात इसपिरीट असतं, ते लावताना थंडगार लागतं आणि मांडवात पोचेपर्यंत उडून जातं. काही बाटल्यांत वास पांढऱ्या विलायती तेलात कालवलेला असतो, तो कातडीच्या वरच तरंगत राहतो, आत शिरत नाही. आणि चंदनाच्या तेलावर ओढलेलं खरं अत्तर आत मुरतं, हळू चढतं, हळू उतरतं. मी एकदा तुझी दोन मनगटं एकमेकांवर घासली तर तू माझ्या डोक्यात टपली मारलीस. घासायचं नाही, टेकवायचं. घासलं की वरचा नाजूक वास मरतो.

कामरगावच्या पाटलीणबाईंनी एकदा विचारलं की यातलं जास्त राहतं कोणतं. तू त्यांना सांगितलंस, "गुलाब म्हंजे पावना, च्या पेला का निंघाला. मोगरा त्याचा भाऊ. खस उन्हाळ्यातला शेजारी, गरमीत बरा वाटते. अन् हिना म्हंजे घरजावई, धुतला तरी निंघत नाइ." त्यांच्या घरात खरोखरीचा घरजावई होता आणि तो पलीकडं जेवत होता. पाटलीणबाई पदर तोंडात कोंबून हसल्या. त्या दिवशी हिन्याच्या सगळ्या बाटल्या गेल्या.

तू त्यांना हेही सांगायचीस की अत्तर न्हाल्यावर लावा, आधी तिळाच्या तेलाचं बोट फिरवा, ओलसर अंग अत्तर धरून ठेवतं. घामात आणि उन्हात लवकर जातं. कापडावर जास्त दिवस राहतं, पण डाग पडतो, म्हणून पदराच्या आतल्या बाजूला. आणि स्वतःला वास येईना झाला म्हणून परत परत लावू नका. आपलं नाक सवयीनं थकतं, वास तिथंच असतो. बाया मान डोलवायच्या आणि परत परत लावायच्याच. बाटली संपली की तुला बोलावणं यायचं. तू म्हणायचीस, अक्कल फुकट वाटली तरी माल खपतोच.

खाला, हे सगळं मी लिहिते आहे पण मला खरं लिहायचं आहे ते आपल्या वादाबद्दल. तो राहूनच गेला.

गेल्या पावसाळ्यानंतर गुलाब तुझ्या हातावर टिकेनासा झाला. वेशीपाशी हात हुंगला तर काही नाही. आपण म्हटलं, बाटली उन्हात राहिली असेल. बुचं बदलली, बाटल्या धान्याच्या कोठीत पुरून ठेवल्या. मग मोगरा टिकेना. मग केवडा, तोसुद्धा. तू ठरवून टाकलंस की आपल्याला माल देणारा तो कनौजवाला व्यापारी पांढरं तेल मिसळतो. तो आला तेव्हा तू त्याला ओसरीवर बसू दिलं नाहीस, आणि तो बिचारा बाटली हातात घेऊन शपथा घेत उभा राहिला. मी त्याच दिवशी त्याच बाटलीतला गुलाब कामरगावी पाटलीणबाईंच्या धाकट्या लेकीच्या हाताला लावून पाहिला होता. तिचा निरोप आला की न्हाल्यावरही वास होता.

मी तुला सांगितलं. तू म्हणालीस, पोरीचं अंग जवान आहे, तिच्यावर चिखल लावला तरी राहील. मी म्हटलं, "खाला, अत्तर चांगलं आहे. तुझा हात कोरडा पडलाय." तू हात बाहीत ओढून घेतलास. "म्हातारी म्हन मले. सरळ म्हन." मी तसं म्हटलं नव्हतं. तुझ्या हाताची कातडी कोहळ्याच्या वाळलेल्या सालीसारखी झाली होती, नखानं रेघ ओढली की पांढरी उमटायची, आणि तू वाटेत प्रत्येक विहिरीवर पाणी मागायचीस. मला भीती वाटत होती. पण मला सगळ्याचीच भीती वाटते, म्हणून माझी भीती तू कधी खरी धरली नाहीस. तू चार आठवडी बाजारांना मला न घेता गेलीस. पेटी एका पोऱ्याच्या डोक्यावर देऊन.

पुढं जे झालं ते आपल्याच धंद्यात होऊ शकतं. तू पेटीतला माल आपल्या हातावरून निवडत गेलीस. जे तुझ्या हातावर टिकत नाही ते खोटं. गुलाब गेला, मोगरा गेला, खस गेला. पेटीत नुसता हिना, ऊद आणि कस्तुरीचं ते काळं दाट अत्तर राहिलं, आणि वैशाखातल्या लग्नांना तू तेच नेलंस. उन्हात, मांडवात, बायकांच्या गर्दीत. तुझ्या मनगटावर ते हलकं वाटत होतं. त्या बायांच्या अंगावर ते पेटलं. एका नवरीला घेरी आली. सासूनं तुझ्यादेखत तिचे हात राखेनं घासले. चांदबीचं नाक गेलं, असं कारंजात लोक बोलू लागले. तुझं नाक शाबूत होतं, खाला. हात गेला होता, आणि ते कोणाला सांगावं, कसं सांगावं.

पायाला चपलेनं लागलं आणि जखम भरेना तेव्हा कुठं तू दवाखान्यात आलीस. माझ्या खांद्यावर हात ठेवून आलीस, म्हणजे राग गेला असं मी समजले. डॉक्टरांनी तहानेचं विचारलं, कातडी चिमटीत धरून पाहिली आणि साखरेचा रोग सांगितला. म्हणाले, कातडी अशी कोरडी पडते ती त्यानंच. मोठ्या शहरात त्यावर सुई निघाली आहे म्हणे, पण पाय फार पुढं गेला होता. मी तुझ्याकडं पाहायचं टाळत होते. माझं म्हणणं खरं ठरलं होतं आणि मला ते खोटं हवं होतं. तू बाही खाली ओढलीस आणि म्हणालीस, "म्हंजे कनौजवाला खोटा नव्हता."

तुला आधी तेच सुचलं. तू माझ्याकडून त्याला निरोप धाडलास, की चांदबी माफी मागते, तुझा गुलाब सच्चा होता. पोचला की नाही मला माहीत नाही. मला मात्र तू काहीच म्हणाली नाहीस. मी वाट पाहत होते, खोटं कशाला बोलू. एकदा तरी म्हणशील, पोरी, तू बरोबर होतीस. मग वाटायचं, तसं म्हणालीस तर तू खरंच चाललीस असा अर्थ होईल. त्यापेक्षा आपण भांडत राहिलेलं बरं.

शेवटचे आठवडे लिहवत नाहीत. पायाचा वास खोलीभर असायचा. जन्मभर सुगंधात राहिलेल्या बाईला देवानं ते का दाखवावं. एकदा मी पट्टीवर ऊदाचा थेंब टाकायला गेले तर तू माझा हात धरलास. त्या दुखण्यातही पकड घट्ट होती. "घान झाकाले अत्तर नसते. ते वाया नोको घालू." मग विचारलंस, लय येऊन राह्यला काय वास. मी म्हटलं, नाही गं, दार उघडं आहे ना. तू डोळे मिटलेस. तुझं नाक शाबूत होतं हे मी वर लिहिलंच आहे.

तर त्या दिवशी रसूलबीनं मला भिंतीशी बसवलं. आंघोळ झाली, कापूर लावला, पांढऱ्या कापडाचे तुकडे अंथरले. कापडाला लावायला तुझ्या पुतण्यानं बाजारातून एक बाटली आणली होती. रसूलबीनं ती माझ्यापुढं धरली आणि विचारलं की हे चालेल का, यात दारूसारखं काही असलं तर मय्यतीला लावत नाहीत. मी हुंगली. रडून नाक बंद झालं होतं आणि खोलीत कापराशिवाय काही कळत नव्हतं. हातावर पाहिल्याशिवाय सांगता येणार नव्हतं.

मी तुझ्याकडं वळले. खरंच वळले, खाला, इतक्या दिवसांची सवय. तुझा हात कापडाखाली होता.

रसूलबीचे हात ओले, कापरानं भरलेले. बाकीच्या बाया मागं सरकल्या. मग मी माझी बांगडी नसलेली मनगटं पाहिली आणि एका मनगटाला काडी टेकवली. गार लागलं. थंडगार, आणि पाहता पाहता सुकलं. इसपिरीट. ती बाटली मी परत केली आणि पेटी मागितली. त्यात तुझा हिना होता, बूच वाळलेलं, आजारपणात खिडकीत पडून राहिलेला. खराब झाला असेल तर आंबट होतो, म्हणून दुसऱ्या मनगटाला तो लावला आणि थांबले. सगळ्या बाया पाहत होत्या. हळूहळू तो मुरला, कातडी गरम झाली, आणि नाक बंद असूनही घशाशी तो मातीसारखा जड वास आला. चांगला होता. मी कापडाच्या आतल्या बाजूला, कडेकडेनं लावत गेले. टेकवत, घासलं नाही. कापड अत्तर धरून ठेवतं. हातावर टिकलं नाही ते तिथं टिकेल, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

घरी गेले तेव्हा हिना माझ्या हातावर होताच. हिना धुवून जात नाही आणि मी धुवायचा प्रयत्नही केला नाही. जाऊबाई दारात होत्या. त्यांनी वास घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि आत गेल्या. दिरांना सांगून भावाला तार धाडायचं ठरलं आहे. भाऊ येईल, किंवा येणार नाही. तोवर माझं अंथरूण ओसरीवर आहे. पोटातली ती कोंबडी सारखी फडफडते. पण तुझ्या पुतण्यानं पेटी मला दिली आहे, आणि पाटलीणबाईंकडं लग्न आहे. त्यांना गुलाब हवा आहे, मोगरा हवा आहे. कनौजवाल्याला मी सांगणार आहे की माल घेऊन ये. लावून पाहायला आता माझाच हात आहे. विधवेच्या हातावरचं अत्तर बाया घेतील की नाही, मला माहीत नाही. नाही घेतलं तर भाऊ आल्यावर त्याच्याबरोबर जावं लागेल. मी रोज देवाला सांगते की त्यांनी घ्यावं.

एक राहिलं. तुला नेल्यावर रसूलबी अंगणात हात धूत बसली होती. मी पेटीतली काडी घेऊन तिच्याजवळ गेले आणि तिचा हात धरला. तिनं झटकन काढून घेतला. म्हणाली, या हाताले कोनी अत्तर लावत नाइ, हे मुर्दे धुनारे हात. लग्नात अत्तर-गुलाब देतात तेव्हा लोक तिला ओलांडून पुढं जातात, हे मी पाहिलं आहे. माझ्याही बाबतीत तसंच होतं, म्हणून लक्षात राहिलं. मी तिला आग्रह केला नाही. तो दिवस त्याचा नव्हता.

खाला, तिनं मला तुझ्यापर्यंत पोचवलं, ते मी फेडणार आहे. नवा गुलाब येऊ दे. मी कारंजात राहिले तर इथंच, आणि नाही राहिले तरी परत येऊन, भर मांडवात, सगळ्यांच्या देखत मी रसूलबीचा हात धरीन, तिळाच्या तेलाचं बोट फिरवीन, आणि ती जिवंत असताना तिच्या मनगटाला अत्तर लावीन.